मधल्या खाटेची गादी

सोमवार, ३ तारीख

पोहोचलो. बस अर्धा तास लवकर आली, तेव्हा उगाच धास्ती वाटली की चुकीच्या गावी तर उतरलो नाही. मग नदी दिसली आणि जीव भांड्यात पडला. एवढी मोठी नदी चुकीच्या गावी नसणार.

गाव छान आहे. अलीकडे देवळं, पलीकडे योगाचे आश्रम, मध्ये पायी जायचा पूल. पूल हलतो. मी मधोमध चालत आलो. कठडा धरायचा तर कडेला जावं लागतं, आणि कडेला गेलं की पाणी दिसतं.

आश्रमातल्या शिबिराला लेकीनेच पाठवलं, ही वहीही तिनेच दिली आहे. रोज काय केलं ते लिहायचं. बारा तारखेला ती न्यायला येईल तेव्हा वाचणार आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यातही सातवीला दोनदा बसलो. चाळीस वर्षं गाद्या भरून हात सुईला सरावलेला, पेनाला नाही. तरी अक्षर लावून काढतो आहे.

खोलीत तीन खाटा. खिडकीखालची माझी. दाराजवळची एका रिटायर बस कंडक्टरची. मधली रिकामी. शिरल्या शिरल्या तिन्ही गाद्या दाबून पाहिल्या, सवयच आहे. कंडक्टरने विचारलं, गादी बघायला आलात की मुलगी बघायला. माणूस गमत्या आहे. माझी गादी मध्ये बसलेली निघाली. मधल्या खाटेची मात्र कोरी, तिच्यावर कुणी पाठसुद्धा टेकलेली नाही. बदलून घ्यावीशी वाटली, पण ऑफिसात माझ्या नावापुढे खाटेचा नंबर लिहिलाय. उगाच कुणी विचारलं तर काय सांगायचं.

रक्तदाबाची गोळी घेतली. घेतली का ते दोनदा पाहिलं.

लेकीची आई जाऊन पाच महिने झाले. तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे सगळं मीच केलं. गेली ती दुपारी. मी शेजारीच होतो, डोळा लागला होता. लेकीला हे माहीत आहे. तरी लिहून ठेवलं.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी आसनं. माझ्याच्याने वाकवत नाही. शिक्षिका लेकीच्या वयाची आहे, म्हणाली, काका, जमेल तेवढंच करा. बाकीचे पायाचे अंगठे धरून बसले होते, मी गुडघे धरले.

दुपारी तीनला विश्रांतीचा वर्ग. जेवण झाल्यावर सगळ्यांनी हॉलमध्ये उताणं पडायचं, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं. काही ऐकू आलं तरी हलायचं नाही, घंटा वाजली की उठायचं. शिक्षिका मधून फिरते आणि एकेकाचं मनगट धरून हात वर उचलून सोडून देते. खरंच सैल पडलेल्याचा हात धप्पकन पडतो. सोंग घेणारा जपतो, त्याचा हात हळूच खाली येतो.

माझा धप्पकन पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग सगळ्यांना डोळे उघडायला लावून म्हणाली, काकांकडे बघा, पहिल्याच दिवशी कसे पडलेत.

टाळ्या झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का ते इथे लिहायचं कारण नाही.

बुधवार, ५ तारीख

नदीवर जाऊन आलो. तिसऱ्या पायरीवर बसून पाय बुडवले. पाणी फार गार. चपला पायऱ्यांवर सोडवेनात, म्हणून मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा एक जण हसला. हसू दे, अनवाणी तो जाणार नव्हता.

कंडक्टर म्हणतो, रात्री मी असा घोरतो की डेपोतली जुनी गाडी सुरू केल्यासारखं वाटतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, त्याला तर घरच्यासारखी झोप लागते.

गुरुवार, ६ तारीख

आज वर्गाहून परतलो तर मधल्या खाटेची गादी दबलेली. कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, त्याला स्वतःची खाट पुरते.

गादी माणसाला खोटं बोलू देत नाही. चाळीस वर्षांत मी उसवून पुन्हा भरायला आलेल्या गाद्या हाताने चाचपून सांगायचो, हा कुशीवर झोपतो, हिची कंबर दुखते, इथे मूल मुततं. गिऱ्हाईकं लाजायची. ही गादी डाव्या कुशीवर झोपणाऱ्याने दाबलेली आहे. तोंड दाराकडे, पाठ माझ्याकडे. खांद्याला खड्डा, कमरेला त्याहून खोल. मुख्य म्हणजे वळवळ नाही. धडधाकट माणूस घटकाभर पडला तरी हलतो, कडेचं भरण सरकतं. इथे माणूस ठेवला तसाच राहिला आहे.

बसल्यासारखी झाली असेल. नवं भरण बसतं.

शिक्षिकेने शेवटच्या दिवशीचं, म्हणजे बारा तारखेचं, सांगितलं. समारोपाला दोन शब्द मी बोलायचे. लेकीने अर्जात लिहिलंय म्हणे की बाबांनी आईची तीन वर्षं सेवा केली. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असंही शिक्षिका म्हणाली. मी नको म्हणालो. तिला तो विनय वाटला. लेकही ऐकायला वेळेवर येणार आहे.

शुक्रवार, ७ तारीख

सकाळी मधली गादी उलटी केली. काठीने झोडली, चारही कोपरे धरून भरण सारखं केलं. कंडक्टर म्हणाला, माणूस रिटायर होतो, हात होत नाहीत. चादर ताणून बसवली. सुरकुती नाही.

दुपारी परतलो. तेच. डावी कूस. कालच्यापेक्षा खोल.

वर्गात आज शिक्षिका बोलता बोलता म्हणाली, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. ही म्हण मी लहानपणापासून ऐकतो आहे. आज घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं.

शनिवार, ८ तारीख

पोरी, सोमवारच्या पानावर मी खोटं लिहिलं आहे. ते फाडणार होतो, पण वहीची पानं मोजलेली असतील असं वाटलं. म्हणून आता तुझ्याशीच बोलतो.

माझा डोळा लागला नव्हता.

तुझ्या आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं. ती एवढंच म्हणायची, अहो, कूस. त्या दुपारी म्हणाली. मी शेजारच्या खाटेवर होतो. मी ऐकलं. पाच मिनिटांनी उठतो असं मनाशी म्हटलं आणि डोळे मिटून पडून राहिलो. ती पुन्हा म्हणाली. मी श्वास सारखा ठेवला. मग ती म्हणायची थांबली, आणि मला वाटलं, बरं झालं.

बरं झालं, असं वाटलं, पोरी. ते शब्द माझ्या मनात आले.

चार वाजता उठलो तेव्हा ती डाव्या कुशीवर होती. तोंड दाराकडे, पाठ माझ्याकडे. तू आलीस आणि माझ्याच गळ्यात पडून रडलीस. बाबा, तुम्ही काही कमी केलं नाहीत, म्हणालीस.

हे तू वहीत वाचण्याआधी मला तोंडाने सांगायचं आहे. बारा तारखेला, तू आल्या आल्या, समारोपाच्या आधी. एवढं तरी मला जमलं पाहिजे.

रविवार, ९ तारीख

वर्गात माझी जागा भिंतीकडेची आहे. उजव्या हाताला कंडक्टर, डाव्या हाताला भिंत. भिंतीच्या आणि माझ्या मध्ये वीतभर फट.

आज डाव्या बाजूने कुणीतरी माझं मनगट धरलं. शिक्षिकेचा आवाज तेव्हा पार पुढून, दारापासून येत होता. बोटं बारीक होती. मनगट धरायला धडपडत होती, जशी दुखणाईताची धडपडतात. हात थोडासाच उचलला गेला. सुटला. पडला.

मी डोळे उघडले नाहीत. खरं सांगतो, भीतीने नाही. सवयीने.

मग कानाशी — अहो.

घंटा वाजल्यावर सगळे उठले. मला उठता येईना. मन उठत होतं, अंग पडूनच. कंडक्टरने हलवलं, शेवटचा स्टॉप आला म्हणाला, तेव्हा कुठे उठलो. लोक कौतुकाने बघत होते.

सोमवार, १० तारीख

ऑफिसात खोली बदलून मागितली. सगळ्या भरल्या आहेत. मधल्या खाटेवर कोण येतं विचारलं. कारकुनाने रजिस्टर दाखवलं. कुणी नाही. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. सभ्यपणे. वेड्याशी वागतात तसं.

चादरीवर आज डाग आहे. कमरेच्या जागी, रुपयाएवढा, पिवळसर. असा डाग पाडणाऱ्या जखमेवर मी अडीच वर्षं पावडर टाकत होतो. मी चादर पालटली. दुसरीवरही आला.

लेकीला फोन लावला. सांगणारच होतो. ती म्हणाली, बाबा, आवाज किती छान वाटतोय, झोप मिळतेय ना. मी म्हणालो, मिळते आहे.

जीभ झडावी माझी.

मंगळवार, ११ तारीख

आज कंडक्टर सहज म्हणाला, तुमचं एक नवल आहे, रात्री डेपो दणाणून सोडता आणि दुपारच्या वर्गात चिडीचूप. दुपारी झोपता की संपावर जाता.

तो हसला. मी तिथेच खाटेवर बसलो.

मी घोरतो. तरुणपणापासून घोरतो. तिने पंचेचाळीस वर्षं ते ऐकलं. आणि सोंग घेताना मी घोरत नव्हतो. श्वास सारखा ठेवत होतो, फार हुशारीने. म्हणजे तिला —

एकच दुपार नव्हती, पोरी. शनिवारीही मी अर्धंच लिहिलं. पहिलं वर्ष उठलो. नंतर आठवड्यातून एखादी दुपार. मग दोन. मग रोजच. ती दोनदा म्हणायची आणि थांबायची. मला वाटायचं, फसली. ती फसत नव्हती. मला लाज वाटू नये म्हणून थांबत होती.

आणि चारला मी उठलो, की म्हणायची, लागली का हो झोप. बरं झालं. दमता तुम्ही.

सगळं ठाऊक असून म्हणायची.

दुपारी वर्गाला गेलो नाही. खोलीतच बसलो. गादी माझ्या डोळ्यांदेखत दबली. आधी खांदा. मग कंबर. आवाज नाही, नुसता भरण सरकल्याचा — तो मला कळतो.

अहो, कूस.

मी पळालो. घाटापर्यंत. चपला राहिल्या.

बुधवार, १२ तारीख

लेक दहाला आली. मिठी मारली. म्हणाली, बारीक झालात. सांगतो, सांगतो करत अकरा वाजले, जेवण झालं. ती शिक्षिकेबरोबर नदी बघायला गेली. वही तिने मागितली. देतो म्हणालो, एक पान राहिलंय.

कंडक्टर सामान घेऊन हॉलमध्ये गेला. दार ओढून गेला. समारोप चारला.

मधली गादी दबली. ती आली आहे.

आज पळणार नाही.

दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायची नाही, मला माहीत आहे. उठलो. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण हातांना वजन लागत होतं. भिजल्या कापसाचं असतं तसं. दोन वेळा निसटली. तिसऱ्यांदा फिरवली.

कूस बदलून दिली.

आता तिचं तोंड माझ्याकडे आहे.

दिसते आहे. डोळे उघडे आहेत. रागाने बघत नाही. तसं बघितलं असतं तर बरं होतं. चार वाजता उठल्यावर बघायची, तसं बघते आहे. माझा डावा हात तिने धरलाय. उजव्याने लिहितो आहे. मी माझ्या खाटेवर कधी आडवा झालो ते कळलं नाही. वही छातीवर. पाय हलत नाहीत. ओठ हलत नाहीत. श्वास सारखा चाललाय, मी चालवत नाही तरी.

म्हणते, दमलात. पडा.

बाहेर पावलं. लेक.

बाबा, अशी हाक मारली. दार वाजवलं. मी हो म्हणालो. आतल्या आत.

बाबा, जागे आहात का.

ओठ — उघडत नाहीत. सगळा जोर लावला. पेन तेवढं चालतं.

शिक्षिका आहे बरोबर. म्हणते आहे, काकांसारखी विश्रांती कुणालाच जमली नाही. उठवू नका. आपण सगळ्यांना थोडं थांबायला सांगू.

लेक म्हणते, झोपू दे. आईपायी फार जागलेत ते.

पावलं चालली —

पोरी, जाऊ नकोस. दार ढकल, कडी लावलेली नाही. मी ऐकतो आहे. मी झोपलेलो नाही, मी कधीच झोपलो नव्हतो, मी जागा आहे, जागा आ