एक जूनची जन्मतारीख

प्रिय निशिगंधा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षताला हॉस्टेलात घालायचं ठरवलंस, सोमवारी फॉर्म भरणार आहेस, हे कळलं. बारा वर्षांची पोर मोठ्यांसाठीचा बंदुकीचा गेम खेळते, आणि तो उघडायला आजोबांची जन्मतारीख चोरून टाकते, याचा तुला संताप आला. येणारच. पण असल्या गेमना वयाचा कायदा कशाला, घरचं वळण पुरे, असं जे म्हणालीस ना, ते साफ चूक आहे. अडतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस हे सांगतोय.

परवा एक जूनला माझा वाढदिवस झाला. राधानगरीकडच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळपासून शुभेच्छांची रीघ लागली होती. सगळे एकमेकांनाच देत होते, कारण त्या दिवशी सगळ्यांचाच वाढदिवस. ती तारीख त्यांना मीच घातलेली, मला माझ्या गुरुजींनी. पोराचं बोट धरून आई शाळेच्या दारात यायची, "गुरुजी, घ्या की नाव, रोपं लावायला जायचं हाय, घरात सांभाळायला कोण न्हाय." मी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचो. हात पोचला नाही तर जरासा ओढायचो आणि रजिस्टरात लिहायचो, एक जून, सहा वर्षं पूर्ण.

तुझंही तसंच केलं. तू जन्मलीस दिवाळीच्या तोंडावर, आणि कागदावर झालीस जवळजवळ दीड वर्षानं मोठी. हुशार होतीस, म्हटलं वर्ष कशाला वाया घालवा. त्या थोराड मुलींच्या वर्गात तू बाकाच्या टोकाला बसून रडायचीस आणि मी होईल सवय म्हणून सोडून द्यायचो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे थांबलं ते काही माझ्या शहाणपणानं नाही. जन्माचा दाखला बघितल्याशिवाय नाव घालायचं नाही, असा वरून हुकूम आला, तपासायला साहेब येऊ लागले, तेव्हा थांबलं. आया त्यानंतरही आल्या, मीही तोच होतो, पण आता नाही म्हणताना माझ्या पाठीशी हुकूम होता. माझ्यासारख्या मऊ माणसांना कायदा लागतो गं. या गेमवाल्यांचं तर माझ्या जुन्या रजिस्टरासारखंच चाललंय. तारीख विचारतात, दाखला कुणी मागत नाही. मागायला लावला पाहिजे, आणि न मागणाऱ्याला दंड बसला पाहिजे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. मे महिन्यात अक्षता इथं बावड्याला होती, तेव्हा तिनं स्वतःची खरी तारीख टाकली होती. गेम उघडला नाही. ती टॅब ठेवून उठलीसुद्धा होती. तिचं हिरमुसलेलं तोंड मला बघवलं नाही. मी तिला परत बोलावलं, माझी तारीख माझ्या हातानं टाकली आणि म्हणालो, आईला सांगू नकोस. वर शेजारी बसून बघतही होतो. पडद्यावर एक माणूस गुडघ्यांवर बसून हात जोडायला लागला, तेव्हा ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, अगं खोटंच आहे, मार. तिनं मारलं, आणि टॅब पालथा ठेवून दिला. आता जिन्यातून एकटी जायला घाबरते म्हणतेस, तिथं मला तेच आठवतं. तू तिला खोटारडी म्हणालीस, हॉस्टेलची भीती दाखवलीस, तरी पोरीनं माझं नाव घेतलं नाही. तो फॉर्म फाडून टाक. रागवायचं ते माझ्यावर रागव, मी ऐकून घेईन. आणि हे पत्र तिला वाचायला दे. तिला म्हणावं, आजोबांनी सांगितलंय, आता आईला सांगितलं तरी चालेल.

तुझाच, चुकलेला,
आबा