ज्याने पाटी लावली

रविवार, १८ ऑक्टोबर
दुपारी, भांडी घासून झाल्यावर

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद. डॉक्टरसाहेबांना या नावाने हाक मारायची छाती आता आई-बाबांखेरीज माझीच उरली आहे, तेव्हा मी काही ती सोडणार नाही. तू जगाला वजन उतरवायला सांगतोस, आणि मला मात्र साखरेच्या डब्यात डोकं अडकवून बसलेला तू अजून दिसतोस. बाबांनी तुझ्या कानांना तेल चोळून डोकं बाहेर काढलं होतं. बाहेर आल्यावर तू आधी ओठ चाटलेस आणि मग रडलास.

इकडचं बरं आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड त्याहून जास्त. खालच्या शिंपीणबाईंनी मांजर पाळलंय. ते दिवसभर आपल्याच खिडकीत असतं. आई त्याला "मेल्या, ऊठ" म्हणते आणि बशीत दूध ओतते. आमच्या चष्म्याच्या दुकानात नव्या फ्रेमा आल्यात, त्यामुळे गिऱ्हाइकं आरशासमोरून हलत नाहीत. तुझ्या लेकीचा पुढचा दात पडल्याचं कळलं. तिला म्हणावं, आत्याला हसतानाचा फोटो हवाय.

बाबा बरे आहेत.

हे वाक्य लिहिलं, उठले, दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि परत येऊन बसले. वाक्य होतं तिथेच होतं. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. आपला फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो. तुझा आवाज आला की ते सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो मोठा करतात. तू विचारतोस, "बाबा, दाब किती? वजन किती? गोळ्या चालू आहेत ना?" ते आकडे सांगतात. तू म्हणतोस, "छान. ठेवू मग?" ते म्हणतात, "ठेव, ठेव, तुझी माणसं खोळंबली असतील." आणि मग आईला सांगतात, "भोपळ्या छान म्हणाला." त्या एका 'छान'वर त्यांचा आठवडा निघतो. मला या फोनचा राग येतो, हे आज लिहूनच टाकते.

मागच्या वेळी आला होतास तेव्हा बाबांचा दाब वाढलेला निघाला. तू नवीन गोळी लिहून दिलीस आणि निघताना, एक पाय बुटात घालता घालता, म्हणालास, "मीठ एकदम कमी करा बाबा, पाणी भरपूर प्या, आणि ही लघवीवाटे दाब उतरवणारी गोळी आहे, ती चुकवू नका." दुसरा पाय बुटात गेला, गाडी आली, तू गेलास. असं तू रोज कितीतरी जणांना सांगत असशील. त्यातले निम्मे ऐकत नसतील आणि निम्मे अर्धवट ऐकत असतील, म्हणून सगळ्यांचं निभावत असेल.

पण तू कुणाला सांगत होतास, भोपळ्या? ज्यांनी कारखान्याचा बॉयलर सांभाळण्यात जन्म काढला, त्यांना. बाराखडीच्या आधी आपल्याला काय पाठ झालं होतं, ते आठव. पाणी कधी कमी पडू द्यायचं नाही, आणि काटा लाल रेषेच्या दोन बोटं अलीकडेच ठेवायचा. हा माणूस गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसतो. तू 'कमी' म्हणालास, त्यांनी बंद केलं.

आणि आम्हीही त्यांच्याच वळणाच्या. आईने भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. मी पिठात घालायचं सोडलं. बाबांनी ताटाच्या कडेची चिमूटही पुसून टाकली. तिघांनी एकमेकांना न सांगता आपापली दोन बोटं सोडली होती. पाण्याचं तर विचारूच नकोस. टेबलावर मोठी काचेची बाटली, तिच्यावर खडूची रेघ, रेघेपर्यंत प्यायची आणि परत भरायची. आई म्हणाली, "अहो, तहान नाही तर कशाला पिताय?" तर म्हणाले, "बॉयलर काय तहान लागली म्हणून सांगतो का?"

आम्ही हसलो. तेव्हा सगळंच हसण्यावारी जात होतं.

मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. रेडिओ लावेनासे झाले. खुर्चीतच डुलक्या, उठताना भिंतीला हात. आम्ही म्हटलं, वय झालं. तुलाही फोनवर म्हटलं, आणि तूही म्हणालास, "वय झालं आता." वय म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर बाबा शेगडीसमोर उभे. किटलीतलं पाणी आटून गेलेलं, आणि ते झाकणाकडे टक लावून बघत होते. मी पुढे झाले तर हात आडवा करून म्हणाले, "बाई, तुम्ही आत येऊ नका, भाजेल. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही का अजून?"

मला बाई म्हणाले रे. आपल्या बाबांनी, मला. तरी मी म्हटलं, "आलाय, हातपाय धुतोय. तुम्ही बसा तोवर." ते बसायला वळले आणि तिथेच कोसळले.

घाबरू नकोस, हाड मोडलं नाही. चार दिवस इस्पितळात होते. तिथली डॉक्टरीण तुझ्याहूनही लहान दिसत होती. तिने रक्त तपासलं, त्यातलं मीठ पार तळाला गेलेलं. मग स्टूल ओढून आईजवळ बसली आणि विचारलं, "आजी, हे दिवसभर काय खातात, काय पितात, सगळं सांगा." आईने सगळं सांगितलं, खडूच्या रेघेसकट. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "गोळी मीठ बाहेर काढतेय, जेवणातून येत नाहीये, आणि उरलंय त्यात हे पाणी ओतताहेत. रक्तातलं मीठ इतकं उतरलं की घरची माणसंही ओळखू येत नाहीत." मुलगा डॉक्टर आहे हे कळल्यावर मात्र तिने आवाज खाली आणला. म्हणाली, "सल्ला वाईट नाही हो, पुष्कळांना तो लागू पडतो. माझ्या वडिलांना मीही हेच सांगितलं असतं. पण हा माणूस तो कसा पाळतोय, ते नंतर कुणी बघितलं का?"

तुझ्यावर मी तेव्हा फार चिडले होते. आता राग गेलाय, प्रश्न राहिलाय. आमच्या दुकानात आलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर काच बदलली की आम्ही लगेच विचारतो, "आता कसं दिसतंय?" तो सांगतो, मग पुढची काच. तुम्ही मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगता. भरपूर पाणी, कमी मीठ, गोड नको, तळलेलं नको. भरपूर म्हणजे किती रे? कुणाला? कधीपर्यंत? आणि पुढच्या खेपेला नुसता आकडा विचारता. आकडा छान होता, भोपळ्या. त्या सकाळीसुद्धा त्यांनी दाब मोजला होता, तो अगदी छान होता.

इस्पितळातून निघताना बाबांनी आम्हा दोघींना बजावलं, "भोपळ्याला यातलं काही कळता कामा नये. रोज माणसं तपासतो, त्याचा हात कापायला लागला तर?" आई मूग गिळून बसली, मीही बसले. तुझी गोळी डॉक्टरणीने बंद केली, दुसरी दिली, ती ते घेतात. मीठ नेहमीसारखं खा आणि पाणी तहानेपुरतं प्या, असंही तिने निक्षून सांगितलं. ते मात्र ऐकत नाहीत. मी पिठात चिमूटभर घातलं, तर पहिल्याच घासाला ओळखलं आणि ताट बाजूला सारलं.

का, ते तुला सांगायला नकोच, पण सांगते. बॉयलरच्या आत दुरुस्तीला माणूस उतरला की झडपेवर पाटी लावायचे, 'उघडू नये'. ज्याने लावली, त्यानेच येऊन आपल्या हाताने काढायची. मालक आला तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाबा म्हणतात, "पोराने पाटी लावलीय. तो काढेल तेव्हा निघेल." मी म्हटलं, "मग त्याला सांगू द्या." तर म्हणतात, "नाही." म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आई काल म्हणाली, "लोक खाल्ल्या मिठाला जागतात, तुझे बाबा न खाल्लेल्या मिठाला जागताहेत." आम्ही दोघी हसलो आणि मग तिला रडू आवरेना.

कारण काल परत रक्त तपासलं. मीठ पुन्हा उतरायला लागलंय. डॉक्टरीण म्हणाली, या आठवड्यात फरक पडला नाही तर परत दाखल करावं लागेल, आणि या वेळी पहिल्यासारखे होऊन घरी येतील याची खात्री ती देत नाही. आज सकाळी मी चहा दिला, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मला काय म्हणायचं, ते शोधत होते. सापडलं त्यांना, "ताई" म्हणाले. पण शोधावं लागलं.

शिंपीणबाईंचा भाऊ रात्रीच्या गाडीने तुझ्या गावी निघालाय. त्याच्या हाती हे देते, सकाळी तुला मिळेल. वाचून फोन करू नकोस. फोनवर तू त्यांना नव्या चार सूचना देशील आणि त्यातही ते दोन बोटं सोडतील. तूच ये. तुझी चूक मोजायला बोलावत नाहीये, वेड्या. या घरात तुझा शब्द देवाच्या शब्दापेक्षा जड आहे, आणि तो उचलणं आम्हा बायकांच्याने होत नाही, म्हणून बोलावतेय.

बाबा पाळीवरून यायचे तेव्हा डब्यात तुझ्यासाठी अर्धं उकडलेलं अंडं राखलेलं असायचं, आणि कागदाच्या पुडीत मीठ. तू अंड्याआधी पुडी चाटायचास. मी अंडी उकडून ठेवते. दाबाचं मशीन आणू नकोस. बूट काढ, दोन्ही. त्यांच्यासमोर बस, अंडं सोल, अर्धं त्यांना दे आणि मीठ तुझ्या हाताने घाल. किती घालायचं ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

मग विचार, "बाबा, आता कसं लागतंय?" आणि उत्तर येईपर्यंत उठू नकोस.

वाट बघते.

बाबांनी जिला पुन्हा 'बाई' म्हणू नये, एवढंच जिचं मागणं आहे, ती
तुझी ताई