रानकोंबड्यांच्या कृपेने कप्तान

तीर्थरूप मामासाहेब यांस, विदरफोर्डहून भाचा सेप्टिमस याचा सादर नमस्कार.

शनिवारी आम्ही स्टोकलीकरांना नऊ धावांनी हरवलं. पंचांनी तसं जाहीर केलं असून डॉक्टर हॅलम यांनी माझ्या पोटावर उमटलेली चेंडूची शिवण भिंगातून पाहून त्याला दुजोरा दिला आहे. आपला संधिवात कसा आहे? मामींचा पोपट अजून धर्मगुरूंना शिव्या देतो का? इकडे मी खुशाल आहे. वाकता येत नाही, एवढंच.

घडलं ते असं. ऑगस्टात रानकोंबड्यांची शिकार सुरू झाली आणि आमचे कप्तान सर लिओनेल संघातले सगळे सद्गृहस्थ, म्हणजे बिनपगारी हौशी खेळाडू, घेऊन, मामासाहेब, आपल्याच माळावर दाखल झाले (त्यांना जेवू आपणच घालता, तेव्हा हे आपल्याला माहीत असेलच). बंदुकीच्या धुराने मला शिंका येतात, म्हणून मागे उरलो मी आणि दहा पगारी खेळाडू. कप्तान तर सद्गृहस्थच हवा. पैसे घेऊन खेळणारा माणूस कितीही जाणता असला तरी त्याचा हुकूम कोण ऐकणार? तेव्हा आयुष्यभर सीमारेषेपाशी उभं राहून शेवटच्या क्रमांकावर खेळलेला मी न्याहारी आणि जेवणाच्या मधे कप्तान झालो. सद्गृहस्थांच्या फाटकातून मी एकटा आत आलो, पगारींच्या फाटकातून दहाजण आले, आणि मैदानाच्या मध्यावर आमची भेट झाली.

त्या दहांत ईनॉक स्टबिंग नावाचा जुना गोलंदाज आहे. माणूस अतिशय अदबशीर. टोपी काढून म्हणाला, "साहेब, पहिलं षटक मी टाकावं असं आपण मघाशी म्हणालात." मी तसं काही म्हणालो नव्हतो, पण आपलंच म्हणणं नाकारणं कप्तानाला शोभत नाही. दिवसभर मी असं पुष्कळ म्हणत राहिलो. क्षेत्ररक्षक हलवले, गोलंदाज बदलले, आणि एवढी दूरदृष्टी आपल्यात होती याचं मला स्वतःलाच कौतुक वाटू लागलं.

दिवसभरात स्वतःच्या मनाने म्हणाल तर मी एकच निर्णय घेतला. सामना हातात आला होता, म्हणून मी स्वतः गोलंदाजीला उतरलो. त्यातला एक चेंडू पाद्री पिमसाहेबांच्या चहात पडला. (ते खुर्चीत झोपले होते. जागे झाले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.) स्टबिंग धावत आला. "साहेब, खांदा दुखतोय म्हणालात ना?" तेव्हा खरोखर दुखू लागला.

शेवटचा गडी मात्र माझा. मी टोपी सावरत असताना चेंडू पोटात बसला, वेदनेने माझी घडी झाली आणि चेंडू घडीत राहिला. झेल सुंदर होता असं सगळे म्हणतात. मी डोळे मिटले होते.

मामींना नमस्कार. आपला आज्ञाधारक, सेप्टिमस.

ता. क. येत्या शनिवारी परतीचा सामना आहे. तोही जिंकला तर पुढच्या हंगामाचं कप्तानपद मलाच, असं क्लबच्या मंडळाने ठरवलं आहे. सर लिओनेल शुक्रवारी परत येतो म्हणतात. मामासाहेब, मला जन्मात दुसरं काही नको. आपली पोर्ट वाइन उत्तम आहे, रानकोंबडे पुष्कळ आहेत. सर लिओनेलना रविवारपर्यंत ठेवून घ्यावं.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालात टाकायला स्टबिंग निघाला आहे. त्याने अदबीने विचारलं आहे की, आपल्या माळावर आणखी एका शिकाऱ्याची सोय होईल का? कप्तानपदाची काळजी नको, पिमसाहेबही सद्गृहस्थच आहेत, त्यांची खुर्ची मैदानात आणून ठेवू, असं तो म्हणतो. हेही मीच मघाशी म्हणालो होतो म्हणे. तेव्हा बुधवारी माझ्या नावाने आपलं निमंत्रण येईल असं दिसतं. शिंकांसाठी चार रुमाल काढून ठेवले आहेत.