मागच्या चाकाची फट

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. वाचणारं कुणी नाही, त्यामुळे खोटं लिहायची गरज नाही.
विषय एकच. ह्यांची डोंगरावर चालवायची सायकल. चौदा महिने ती पॅसेजमध्ये उभी आहे आणि बाथरूमला जाताना रोज तिचं पेडल माझ्या नडगीला लागतं. मुलगी म्हणते, आई, विकून टाक. विकणारच आहे. मला त्या सायकलीचं काहीही नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना ती हवी पण आहे. फक्त त्याआधी एक प्रयोग पुरा करायचाय. एक महिना पुरे.

५ फेब्रुवारी
काल प्रयोग काय ते लिहायचं राहिलं.
ह्यांनी रुंद रिमा आणि जाड टायरं मागवली होती. जुनी रिम आतून एकोणीस मिलीमीटर, नवी चाळीस. ह्यांचं म्हणणं, रिम रुंद असली की टायर ऐसपैस बसतं, हवा कमी ठेवता येते, आणि खाणीमागच्या चढावर सुट्या खडीत चाक घसरत नाही. मी एवढंच विचारलं होतं, आधी फ्रेमचं माप घेतलंत का? तीस वर्षं शिलाई मशीनवर लोकांच्या कमरा आतबाहेर करतेय, माझ्या तोंडात दुसरं काय येणार. हे म्हणाले, घेतलंय. मी म्हणाले, तुम्ही आणि माप! बसल्या तर माझं नाव बदला. हे पानावरून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.
चार दिवसांनी हे गेले. मधल्या चार दिवसांत सायकलीचा विषय निघाला नाही.
खोकी त्यानंतर आठ दिवसांनी आली. सही मी केली.
तर ह्यांनी माप घेतलेलं होतं आणि रिमा बसतात, एवढं सिद्ध करायचं. मग सायकल विकायची. यात भावनेचा काही संबंध नाही.

९ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. ह्यांचं सायकल दुरुस्तीचं जाड इंग्रजी पुस्तक आणि माझा शब्दकोश. सातवीत शाळा सुटली, वाचन सुटलं नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. एका पानाला एक तास लागतो. 'टॉर्क' या शब्दापाशी दोन दिवस गेले. आता अर्थ कळला. पुढची चाळीस पानं चाळली, तो शब्द परत कुठे नाही.

१४ फेब्रुवारी
नव्या रिमा घेऊन सायकलवाल्या मिस्त्रीकडे गेले. ह्यांची वीस वर्षांची ओळख. त्याने रिमांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा रिमांकडे बघितलं. म्हणाला, वहिनी, राहू द्या ना. मी म्हटलं, तुला स्पोक भरायला सांगितलेत, सल्ला नाही. तर म्हणे या मापाचे स्पोक आणावे लागतील. आठवडाभराने या.
आळशी माणूस. ह्यांनी त्याला उगाच डोक्यावर बसवून ठेवलं होतं.

२२ फेब्रुवारी
स्पोक आले नाहीत.

२६ फेब्रुवारी
स्पोक आलेत. आता मिस्त्रीचं मनगट दुखतंय. मी बघितलं, त्याच मनगटाने तो एक मोटारसायकल उचलून स्टँडवर घेत होता.

१ मार्च
आजपासून त्याच्या दुकानात जाऊन बसायचं. हातशिलाईचं काम बरोबर नेलं. स्टुलावर बसून तीन पँटचे पाय खालून दुमडून टाचले. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. एकाने तर मलाच विचारलं, चेन बसवून मिळेल का? मी म्हटलं, पँटची की सायकलची?
मिस्त्री हसला नाही. म्हणाला, वहिनी, घरी जा, करतो.

४ मार्च
महिना झाला. पण मी महिना म्हटलं ते कामाचे दिवस धरून. मिस्त्रीचे दिवस त्यात धरता येणार नाहीत.

७ मार्च
चाकं तयार! घरी आणली. किती रुंद दिसतात. नवीन रबराचा वास खोलीभर झालाय. खिडकी उघडली नाही.

८ मार्च, दुपारी
महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहिते.
पुढचं चाक सहज बसलं. खरा प्रश्न मागच्या चाकाचा, तिथे फ्रेमचे दोन दांडे जवळ येतात. त्या दांड्यांमधली फट मी तीनदा मोजली. बहात्तर मिलीमीटर. टायरवर छापलंय दोन पॉइंट सहा इंच, म्हणजे सहासष्ट. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलीमीटर माया राहते. ब्लाऊजला मी यापेक्षा कमी सोडलीय आणि कुणाची तक्रार नाही.
थोडी हवा भरून चाक बसवलं. फिरवलं. फिरलं!
बसलं. ह्यांनी माप घेतलेलं होतं.
मुलीला फोन केला. ती म्हणाली, छान, मग आता नर्सबाईंना निरोप देऊ? मी म्हटलं, अगं थांब, एका मापावर प्रयोग संपत नसतो.

९ मार्च, सकाळी ७
चाक फिरत नाही. दोन्ही बाजूंनी दांड्यांना घासतंय.
रात्रीतून फ्रेम आकसली असावी. थंडी होती.

९ मार्च, सकाळी ११
मिस्त्री म्हणाला, फ्रेम कशाला आकसेल. टायरवरचा नंबर म्हणजे काही शिक्का नाही. रुंद रिमेवर टायर आडवं पसरतं. वर नवीन टायर हवा भरल्यावर दिवसभर ताणलं जातं. त्याने मोजलं. सत्तरच्या वर भरलं. चाक जरा डोललं की लागलंच.
मला हे पटत नाही. कापड एकदा मापलं की मापलं. धुतल्यावर आटतं एखाद वेळेस, पण नुसतं टेबलावर पडून वाढलेलं मी आजवर बघितलेलं नाही.

१० मार्च
उपाय सापडला. हवा कमी करायची. हवा कमी ठेवणं हाच तर ह्यांचा मूळ मुद्दा. दुपारभर थोडी थोडी सोडत गेले. शेवटी घासायचं थांबलं. आता चाक मोकळं फिरतं. बोटाने दाबलं की बोट आत रिमेला लागतं, पण ते बसल्या जागी. चालवताना कोण बोट घालतंय.

११ मार्च
जिन्यात नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, काकू, झाला का प्रयोग? हॉस्पिटलच्या मागचा रस्ता उखडलाय, माझ्या सायकलीचं पार खुळखुळं झालंय. मी म्हटलं, शेवटच्या टप्प्यात आहे. त्या म्हणाल्या, मागच्या महिन्यात पण शेवटचाच होता. हसून म्हणाल्या. गोड आहेत, पण विज्ञानाची आवड नाही.

१५ मार्च
हवा कमी केल्यामुळे माणूस बसला की टायर पुरतं चपटं होतं आणि पुन्हा दांड्यांना लागतं. मुलीच्या वजनाची म्हणून शिवणाच्या कापडांची दोन गाठोडी सीटवर बांधून पाहिलं.
विचार केला. वस्त्र घट्ट होत असेल तर दोन वाटा. एक, फ्रेम सैल करायची. ते शक्य नाही. दोन, टायर आत घ्यायचं. टायरच्या कडेला रबराचे चौकोनी ठोकळे असतात, पकडीसाठी. तेच लागतायत. कात्रीने जरा जरा कमी केले तर?

१६ मार्च
मोठी कात्री गेली. एकवीस वर्षांची होती. एकशे बारा ठोकळे कातरले. अजून तेवढेच राहिलेत. आता बोटं उघडत नाहीत.

१७ मार्च
मुलीचा फोन. सहज म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आई, तू टायर कातरलंस? मी म्हटलं, एकाच बाजूचं. ती म्हणाली, मी येऊ का चार दिवस? मी म्हटलं, कशाला, मी ठणठणीत आहे. ती म्हणाली, तेच तर. चार तारखेला येते.
पोरीला वाटतं मी दुःखात आहे. मी कामात आहे.

२१ मार्च
उसन्या कात्रीने दुसरी बाजू पुरी केली. टायर आता गुळगुळीत दिसतं. खडीत न घसरण्यासाठी आणलेलं टायर गुळगुळीत करणं यात थोडा विरोध आहे, हे मला दिसतं. पण बसणं हा पहिला टप्पा. पकड हा दुसरा.
मिस्त्रीला दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, वहिनी, पुढे रुंद लावा, मागे जुनंच राहू द्या. पुष्कळ लोक असंच चालवतात. पुढच्या चाकालाच पकड जास्त लागते, दादांचं निम्मं म्हणणं तिथेच खरं होतं.
निम्मं नको. माप मागच्या चाकाचं होतं.

२८ मार्च
खाणीमागच्या चढावर पहिली चाचणी. सायकल उंच आहे. हे उंच होते. माझे पाय पेडलला पोचत नाहीत, म्हणून हाताने ढकलत नेली. निष्कर्ष: चाक एकदाही घसरलं नाही. मी दोनदा घसरले.
वर गेल्यावर हे कुठे थांबत असतील ते बघितलं. एक सपाट दगड आहे. बसले. वारा बरा होता. नोंद करण्यासारखं दुसरं काही नाही.

४ एप्रिल
मुलगी आली. पॅसेजमध्ये पेडल तिच्याही नडगीला लागलं. तिने सायकलीला शिवी दिली. मग तिथेच उकिडवी बसून रडली. मी पाणी दिलं. म्हटलं, लागलं का फार? ती म्हणाली, हो. तू रडत नाहीस का गं कधी? मी म्हटलं, वेळ कुठाय, उद्या मोठी चाचणी आहे. नर्सबाई स्वतः चालवणार. बेताच्या उंच आहेत, पोचतील.

५ एप्रिल, दुपारी
थोडक्यात लिहिते.
नर्सबाई चढाला लागल्या. मुलगी आणि मी खाली. पन्नासेक पावलं सुरेख गेल्या. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, बघ, बसलं की नाही! तेवढ्यात मागचं टायर एका बाजूला कललं, दांड्यात रुतलं आणि चाक जागच्या जागी अडकलं. नर्सबाई खडीत आडव्या. कोपर सोललं, तळहातात खडे घुसले.
त्यांनी तिथेच बसून स्वतःचं स्वतः ड्रेसिंग केलं, दातात पट्टी धरून. म्हणाल्या, काकू, तुमचा प्रयोग यशस्वी, चाक घसरलं नाही. अडकलं. मुलगी हसली. मला हसता आलं नाही. संध्याकाळी त्यांची ड्युटी होती, तशाच गेल्या.
फ्रेमवरचा रंग निघून आतलं लोखंड दिसतंय.
माझ्यामुळे दुसऱ्याच्या अंगाला लागलं. हे लिहून ठेवते. याला सबब नाही.

७ एप्रिल
सायकल उचलून मिस्त्रीकडे नेली. मुलीने मागून धरली होती. नर्सबाईंच्या कोपराचं ऐकल्यावर मिस्त्रीने पाना खाली ठेवला. इतकी वर्षं ओळखतेय, त्याचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.
म्हणाला, वहिनी, आता पुरे. दादांना मी तेव्हाच सांगितलं होतं.
मी म्हटलं, काय सांगितलं होतंस?
तर झालं होतं असं. आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हे सायकल घेऊन त्याच्याकडे गेले. म्हणाले, जरा मागचं माप घे रे. त्याने घेतलं आणि सांगितलं, दादा, पुढे बसेल, मागे बसणार नाही. ह्यांनी तिथूनच रिमांच्या दुकानाला फोन लावला. माल निघून गेला होता, परत घेणार नाही म्हणाले. मग हे त्याच्या स्टुलावर बसून राहिले. चहा सांगितला. आणि म्हणाले, तिला बोलू नकोस, आयुष्यभर ऐकवेल.
मिस्त्री म्हणाला, शब्द दिला होता वहिनी. म्हणून स्पोक लांबवले, मनगट लांबवलं. मला वाटलं कंटाळाल.
मी त्याला म्हटलं, जुनी चाकं लाव दोन्ही.

८ एप्रिल
जुनी चाकं लावून सायकल खाली नेऊन दिली. मुलीने विचारलं, मी धरू? मी म्हटलं, नको, उतारच आहे. नर्सबाईंनी पट्टी बांधलेल्या हाताने घंटी वाजवून बघितली. रुंद रिमा मिस्त्रीकडे राहिल्या. मोठी फट असलेली फ्रेम कुणाची तरी येईल.

९ एप्रिल
मुलगी गेली. जाताना म्हणाली, रोज फोन कर. म्हटलं, करेन.

१० एप्रिल, दुपारी
म्हणजे माप घेतलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा धडधडीत घेतलंय म्हणाले, आणि घेतलेलं नव्हतं. मी बरोबर होते.
गेले दोन महिने मी ह्यांना बरोबर ठरवण्यासाठी कात्री घालवली, बोटं घालवली, एका भल्या बाईचं कोपर सोललं. आणि ह्यांना सोळा महिन्यांआधीच ठाऊक होतं. चार दिवस होते हातात. जेवायला समोर बसत होतो. एकदा म्हणायचं, तुझं बरोबर निघालं. ऐकवलं असतं मी, नाही असं नाही. आठवडाभर ऐकवलं असतं. पण तुमचा तो आठवडा तरी भरला असता का?
आज मशीनवर कापड तसंच ठेवलं आणि ह्यांच्या खुर्चीसमोर खुर्ची ओढून बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भांडायला मुद्दा मिळाला होता. पहिल्यापासून सगळं बाहेर काढलं. मुलीच्या लग्नात मंडपाची लांबी चुकली ते. कपाट जिन्यातून वर जाईना आणि खिडकीतून घ्यावं लागलं ते. पडदे, गॅलरीची जाळी, सगळं. दोन तास एकटी बोलत होते. घसा बसला.
एक अक्षर बोलले नाहीत. चूक सापडली की हे नेहमी असंच करायचे.