भोंग्यातली शांतता

आबा, देवळातलं तुमचं मशीन परत आपल्या दुकानात आलं होतं. तेच, हिरव्या पत्र्याच्या पेटीतला ॲम्प्लिफायर, ज्याच्या कोपऱ्यावर तुम्ही खिळ्यानं ओम कोरला होता आणि तो वाकडा आला म्हणून दिवसभर चिडचिड केली होती. पेटीवाले काका ते खांद्यावर घेऊन आले. तुमच्या वेळी ते भजनात मागं बसून टाळ कुटायचे, आता पेटी वाजवतात आणि धर्मापुरीचं सगळं भजन त्यांच्याच जिवावर चालतं. धापा टाकत होते. मशीन बाकावर ठेवून म्हणाले, "पोरी, धूर निघला बघ ह्येच्यातनं. लोकं म्हंतेत नवं आना. म्या म्हनलं, तिच्या बापाच्या हातचं हाय, तिलाच दाखवतो." मी झाकण काढलं आणि जळक्या वार्निशचा वास आला. तुमच्या सदऱ्याला यायचा तोच. डोळे भरले होते, पण काका समोर होते, म्हणून रडले नाही.

झालं होतं ते साधंच. आपल्या दुकानासमोरच्या विजेच्या डीपीवरची न्यूट्रलची तार सुटली, गावातल्या निम्म्या घरांत व्होल्टेज चढलं, बल्ब फुटले, टीव्ही गेले, आणि देवळातल्या ह्या मशीनमधला, विजेच्या लाइनीकडचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा, भोंग्याकडचा, धडधाकट होता. ह्या दोघांची ओळख तुम्ही मला कशी करून दिली होती ते आठवतं का? एक घरात दाणे आणणारा, दुसरा गळ्यातला आवाज अंगणात नेणारा. पहिला अशक्त असला की ढोलकीची थाप पडताच आवाज दबतो. दुसऱ्यात तार वाईट भरलेली असली की टाळ टाळ राहत नाही, नुसता पत्रा वाजतो. लोक माइकला नावं ठेवतात, भोंग्याला ठेवतात, गाणाऱ्याला तर ठेवतातच. ह्या दोन लोखंडी ठोकळ्यांकडं कुणाचं लक्ष जात नाही. तुमचं सगळं आयुष्य त्यांच्यात गेलं, आणि माझंही गेलंच म्हणा.

अजून डोळ्यांसमोर आहे. काम चालायचं आपल्या स्वयंपाकघरात, कारण रस्त्यापासून लांब अशी तेवढी एकच खोली. ओट्याच्या कडेला तुमचं तार गुंडाळायचं यंत्र आवळलेलं. तुम्ही दांडा फिरवताय, मी तांब्याची बारीक तार बोटांतून सोडतेय, आणि पाठीमागं माय भाकरी थापतेय. भरून, जोडून झालं की मग तुमचा तो विधी. फळीवरचा भोंगा जोडायचा, व्हॉल्यूम पूर्ण सोडायचा आणि माइक लावायचाच नाही. तुम्ही हात वर केला की मी पंखा बंद करते, माय तवा उतरवते, गळक्या नळाखाली फडकं जातं. खोकायचीसुद्धा सोय नाही. तुम्ही डोळे मिटून भोंग्याकडं कान करून उभे. आणि बऱ्याच वेळानं हळूच म्हणता, "काहीच न्हाई." ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी तुमच्याकडं नव्हती. माय फणकारायची, "अगं बया! माजी भाकर कच्ची ऱ्हायली, आन् ऐकलं काय, तर काहीच न्हाई! फुडल्या बारीला त्या ट्रान्सफार्मरवरच भाजून घ्या." तुम्ही हसायचा. म्हणायचा, "आधी काहीच नसंल तरच मागनं आलेलं भजन कळतंय. भांडं खरकटं असल्यावर दूध नासनार न्हाई तर काय?"

मी पहिल्यांदा एकटीनं मशीन बांधलं तेव्हाचं बोलणंही विसरले नाही. सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून मी लाइनीकडचा ट्रान्सफॉर्मर माइकच्या जोडणीला अगदी खेटून बसवला होता. चालू केलं आणि भोंग्यातून घूं सुरू झाली. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, "नवरी नटवायला बसलीस का गं? चुलीला चिकटून दूध ठिवलं तर उतू जानारच की." मग स्क्रू ढिले करून तो ठोकळा हातानं हळूहळू आडवा फिरवलात, आणि घूं कमी कमी होत विझून गेली. मी तोंडाचा आ करून बघत होते. "भांडखोर मानसाचं तोंड दुसरीकडं करून बशीवलं की पंगत नीट व्हती," एवढंच बोललात आणि जेवायला गेलात.

आणि दुसरा तुमचा नियम. जुना ट्रान्सफॉर्मर उलगडायचा, कापायचा नाही. बाकी सगळे ब्लेड घालतात, करवत घालतात, तांबं ओढून काढतात आणि मोकळे होतात. तुम्ही वार्निश गरम करून थरामागून थर सोडवत बसायचा. "कापला की मेला. उलगडला की सांगतो, मला कसं भरलंय." भोंग्याकडच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तर तुम्ही आत जाणाऱ्या तारेचा एक थर, बाहेर जाणाऱ्या तारेचा एक थर, मध्ये कागद, असं आलटून पालटून भरायचा. त्यानंच टाळ मोकळा वाजतो म्हणायचा. कुठला थर किती, ते प्रत्येक मशीनला वेगळं, आणि ते कुठं लिहून ठेवायची तुमची पद्धत नव्हती. ते त्या तारेतच होतं.

तर मी लाइनीकडचा ट्रान्सफॉर्मर भरला. तुमच्याच पद्धतीनं, उलगडून. पत्र्या घट्ट आवळल्या, वार्निशमध्ये बुडवून उन्हात वाळवला. दुकानात जोडलं, व्हॉल्यूम सोडला, आणि बारीकशी घूं. मी ठोकळा फिरवला. घूं तशीच. लांब नेऊन बसवला, तारा बदलल्या, अर्थिंग नव्यानं केलं, शेवटी सगळा उलगडून परत भरला. घूं तिथंच. तुम्ही दिलेला तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, टोक आळीपाळीनं दोन्ही ट्रान्सफॉर्मरांवर टेकवलं आणि मूठ कानात दाबून धरली, तुम्ही धरायचात तशी. मूठ दाबली की घूं आणखी मोठी. म्हणजे आवाज लोखंडातूनच येतोय, दुसरं काय समजणार मी? काका आले, भोंग्यापाशी वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, साफ हाय की. कुटं येतीय घूं?" मी तडकले. "काका, कानात बोळे कोंबलेत का? एवढी भणभण ऐकू येईना तुम्हाला?" बिचाऱ्यांनी चपला घातल्या. जाताना म्हणाले, "तुला कळतंय बाई. तुझ्या बापाचा कान हाय तुला."

त्या वाक्यानंच घात केला. मला वाटलं, लाइनीकडचा चोख आहे, मग ही घूं भोंग्याकडच्यातून येते. म्हणजे तुमच्यातून. तुमच्या हातचा तेवढा एकच राहिला होता, आबा, गावात आणि माझ्या माहितीत जगात. तरी मला तुमचाच राग आला. म्हटलं, म्हातारपणी हात ढिला पडला असेल, थर सैल बसला असेल. वार्निश गरम करत, थर मोजत बसायला धीर नव्हता. मी लोखंड कापायची करवत घेतली आणि तो कापला. तांब्याचे झुपके निघाले. आतला कागद तर इतका कोरा होता की जणू तुम्ही कालच घातला होता. एक थरसुद्धा सैल नव्हता. मी कापतच राहिले, कारण आता थांबून काय उपयोग होता?

आणि लाइट गेली. भर दुपारची. पंखा थांबला, पिठाची गिरणी थांबली, समोरची डीपी गप्प झाली. वर्षानुवर्षं मी समजत होते की दुकानात सारखी असते ती बारीक भणभण त्या डीपीची आहे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्या मांडीवर तुमचं कापलेलं तांबं, हातात करवत, आणि घूं चालूच. मी उठून मशीनची पिन काढली, उगाच. वेड्यासारखी. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ कानात दाबली, टोक कशालाच टेकवलं नाही. घूं मोठी झाली. मी खाली बसले आणि तोंडातून नुसतं "आबा, आबा" निघालं.

अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात गेले. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बटणावर बोट ठेवून वाट बघत बसले. काचेपलीकडची बाई माझ्याकडं बघत होती. तिच्या बघण्यावरून कळलं की आवाज चालू आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, समजावून बोलल्या. कानाची नस गेली आहे, बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ते परत येत नाहीत. घूं राहणार. "काम काय करता?" मी सांगितलं.

काम काय करते, आबा? तुम्ही गेल्यावर कोण भजनाची मशीनं भरून घेणार होतं? मिरवणुकांची मशीनं आली, भिंतीएवढे स्पीकरचे डबे आले. दुरुस्त करून झालं की दुकानासमोर लावून पूर्ण सोडून बघायचे, पत्र्याचं शटर थरथरायचं, आणि पोरं म्हणायची, "अजून दाब की ताई, लई हळू हाय!" मी दाबत होते. तुम्ही म्हणायचात, जोरात म्हंजे चांगलं न्हवं. नुसत्या चांगल्यानं पोट भरत नाही, हे तुम्हाला सांगायला मी कुठं येऊ? आता तर नवी मशीनं येतात त्यात तो ठोकळाच नसतो, चुरमुऱ्याच्या पोत्यासारखी हलकी. भरायला कुणी काही आणत नाही. तेही चाललं असतं. हात रिकामे राहिले तर माणूस दुसरं काही करतं. पण मला वाटलं होतं, म्हातारपणी दुकान बंद करून स्वयंपाकघरात बसेन, पंखा बंद करेन, आणि तुमची ती शांतता तरी माझी राहील. ती गेली. झोपताना घूं, उठताना घूं. आता जगात माझ्यासाठी शांत अशी जागाच उरली नाही. लई भीती वाटते, आबा. मरताना तरी थांबेल का ही?

भोंग्याकडचा ट्रान्सफॉर्मर मी परत भरला. अंदाजानं. एक थर ह्याचा, एक थर त्याचा, पण किती ते तुम्हाला आणि त्या तारेलाच ठाऊक होतं, आणि तार मी कापली. टाळ मोकळा वाजतो की पत्रा वाजतो, मला सांगता येत नाही. माझ्या कानांपर्यंत टाळ आता येतच नाही नीट. काका सांगतील, चांगला वाजतो. ते तर चांगलंच म्हणणार. मी एवढं बोलले त्यांना, आता खरं कशाला सांगतील?

हा कागद कुठं पाठवायचाच नाही, म्हणून शेवटचं सांगते. मशीन द्यायच्या आधी मी ते घरी आणलं. दवाखान्यातलं मायला सांगितलेलं नाही. ओट्याजवळ ठेवलं, फळीवर भोंगा ठेवला, व्हॉल्यूम सोडला. माय आता वाकली आहे, पण कान तिचे टणटणीत आहेत, शेजारच्या घरातलं भांडण शब्दाशब्दानं सांगते. मी हात वर केला. तिनं बघितलं, आणि न सांगता तवा खाली उतरवला. नळाखाली फडकंही तिनंच टाकलं. मी पंखा बंद केला. ती पदरानं हात पुसत भोंग्याजवळ गेली, तुम्ही उभे राहायचात तिथंच उभी राहिली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काहीच न्हाई गं." मग माझ्याकडं वळून हसली. "आज त्येनला लई बरं वाटलं असतं. तुला आली का काई घूं?"

"न्हाई," मी म्हणाले. "काहीच न्हाई."