तिघांनाही बी प्लस

९ जानेवारी, गुरुवार
'प्रेअरी हेरल्ड'च्या संपादक जोलीन क्रूस यांचा फोन. तेवीस तारखेला टीव्हीवर राष्ट्राध्यक्षपदासाठी आमच्या पक्षाच्या तिन्ही इच्छुक उमेदवारांचा वादविवाद आहे. तो बघून मी प्रत्येकाला शाळेसारखी ग्रेड द्यायची, ए ते एफ, आणि खाली दोन ओळी. माझ्या फोटोसकट छापणार. सव्वीस वर्षं हायस्कुलात भाषणकला शिकवली, राज्य स्पर्धेचा परीक्षक होतो. आयोवाच्या या कोपऱ्यात माझ्याशिवाय आहे कोण? हो म्हटलं.

बायको खूश. मार्लिस त्या तिघांतल्या गव्हर्नर लिंडक्विस्टबाईंची इथली कॅप्टन आहे, म्हणजे गावातून त्यांच्यासाठी माणसं जमवणारी. सप्टेंबरातच तिने माझी पाठिंब्याच्या कार्डावर सही घेतली. तिला बजावलं, परीक्षकाच्या खुर्चीत मी कुणाचाही नवरा नाही. म्हणाली, बरं परीक्षकसाहेब, कचरा तेवढा बाहेर ठेवा.

११ जानेवारी, शनिवार
शेजारचा डेलमर ट्रक घेऊन बर्फ ढकलायला आला. दर हिवाळ्यात आमच्या गॅरेजपुढची वाट तोच मोकळी करतो. अर्धी वाट काढून थांबला, खाली उतरला, खिशातून कार्ड काढलं. तो सिनेटर हॅलोरनचा कॅप्टन. म्हणाला, लाइल, सही ठोक की, मी काय तुझी किडनी मागतोय? मी उरलेल्या अर्ध्या बर्फाकडे पाहिलं. उणे वीस तापमानात माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. सही केली. उरलेली वाट त्याने अगदी स्वच्छ काढून दिली.

मार्लिसला सांगितलं नाही. विषय निघाला नाही.

१५ जानेवारी, बुधवार
दाढ. डॉक्टर हॉव्हलंड उद्योगपती व्हिटकॉमचे कॅप्टन निघाले. ड्रिल चालू ठेवून विचारलं, काय लाइल, आपलाच ना तू? तोंड उघडं, त्यात नळी. अंगठा वर केला. चूळ भरून होते न होते तोच कार्ड पुढे आलं. दाढेचं अर्धं काम बाकी आहे. सही केली.

तीन कार्डं झाली. कायद्याने त्यांना काही किंमत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
आमच्याकडे पक्षाचा उमेदवार निवडताना चिठ्ठी पेटीत टाकून सुमडीत घरी जाता येत नाही. तीन फेब्रुवारीला शाळेच्या जिममध्ये जाऊन, सगळ्या गावादेखत, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात स्वतः उभं राहायचं. हजेरीच्या पंधरा टक्के माणसं ज्या कोपऱ्यात नाहीत तो गट बाद, त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. म्हणजे तिन्ही कॅप्टन मला एकाच वेळी बघणार. तेही दिव्यांच्या लख्ख उजेडात.

मार्लिस सांगत होती, आमचं काठावर आहे, एकेक माणूस मोजावा लागणार. मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस. ती म्हणाली, नाही करत.

बायकोचा असा विश्वास असायला भाग्य लागतं.

२३ जानेवारी, गुरुवार. वादविवाद
वर मार्लिसच्या मैत्रिणी जमल्यात. वाडगे भरून चिली आणि सिनॅमन रोल. मी तळघरात, एकटा. दार आतून लावलंय. तीन शार्प पेन्सिली.

७:१०. हॅलोरन. बोट फार नाचवतो. प्रश्न रस्त्यांचा, उत्तर स्वतःच्या आजोबांचं. सी.

७:३५. व्हिटकॉम. आयोवाला दोनदा ओहायो म्हणाला. डी. दयाच दाखवली.

७:५२. लिंडक्विस्टबाईंना विचारलं, लहान गावातल्या हॉस्पिटलांचे प्रसूती विभाग बंद पडतायत, काय करणार? त्या थांबल्या. टीव्हीवर चार सेकंद गप्प राहायला छाती लागते. मग म्हणाल्या, पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण बर्फातून साठ मैल गाडी हाकणाऱ्या गरोदर बाईला मी आकडे वाचून दाखवणार नाही. आणि मग त्यांच्या राज्यात काय केलं ते सांगितलं. फिरत्या सुइणी, तालुक्याला एक गाडी, कुठे जमलं, कुठे फसलं.

आमची केरन हायवेच्या कडेला गाडीतच जन्मली. स्टीअरिंग माझ्या हातात होतं आणि मी नुसता ओरडत होतो. मला रडू आलं. वर मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या, पण मार्लिसचा आवाज नव्हता.

ए. सव्वीस वर्षांत चौघांनाच ए दिला होता. ही पाचवी.

८:४०. फेरविचार. डेलमर म्हणेल, बायकोने लिहून घेतलं. बर्फाचा अंदाज अकरा इंच आहे. हॅलोरनला बी. आवाज खणखणीत आहेच.

८:४८. दाढ ठणकतेय. व्हिटकॉमला बी प्लस. आत्मविश्वास.

८:५२. हॅलोरनलाही बी प्लस, नाहीतर पक्षपात होईल.

८:५५. एकच ए उठून दिसतो. लोक कारण विचारतील. लिंडक्विस्ट, बी प्लस. शेरा: "नीटनेटक्या."

८:५८. पाठवलं. संपूर्ण निःपक्षपाती. घामाने शर्ट भिजलाय.

२९ जानेवारी, बुधवार
अंक आला. फोटो बरा आहे. मथळा: "तिघेही सारखेच, म्हणतात परीक्षक".

डेलमरने वाट काढली, पण सगळा बर्फ आमच्या फाटकाशी रचून गेला. कमरेएवढा ढीग. डॉक्टरांच्या क्लिनिकमधून फोन, तुमची पुढची वेळ अलीकडे घेतलीय, डॉक्टर स्वतः उत्सुक आहेत. उत्सुक हा शब्द मला आवडला नाही.

मार्लिसने टेबलापाशी उभं राहूनच वाचलं. एवढंच विचारलं, हॉस्पिटलवालं उत्तर तू ऐकलंस ना? ऐकलं म्हटलं. तिने अंक घडी करून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिची इतकी भीती यापूर्वी कधी वाटली नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार
निश्चय. मार्लिसच्याच कोपऱ्यात उभा राहणार. ताठ. तळघरात चालण्याचा सराव केला, दारापासून भिंतीपर्यंत चौदा पावलं. सातव्या पावलावर दरवेळी थांबतो. पण कल्पनेतला डेलमर नेहमीच प्रत्यक्षापेक्षा मोठा असतो.

तिला सांगितलं नाही. करूनच दाखवणार.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
मार्लिस म्हणाली, पोट बरं नसेल तर आज घरीच राहा लाइल, खरंच सांगते. सूप करून ठेवलंय. किती जीव लावते! मी हसलो. तिला काय माहीत आज काय बघायला मिळणार.

तीच तारीख. जिमहून आल्यावर
लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

साडेसहाला पोचलो. दारात हजेरीच्या कागदावर सही केली, शेवटचा, एकशे चौतिसावा. मार्लिसने लांबून पाहिलं. तिचा चेहरा पडला. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

निघालो. सहा पावलं टाकली. डावीकडे डेलमरने हात वर केला, हातात माझं कार्ड. उजवीकडे डॉक्टर हसले, सगळे दात दाखवून. समोर मार्लिस. सातवं पाऊल पडेना. कॉफीचं टेबल जवळ होतं. मी त्यामागे गेलो आणि लोकांना कप भरून देऊ लागलो. कुणीतरी द्यायलाच हवी.

सभेच्या अध्यक्षबाईंनी माइकवरून विचारलं, लाइल, तुम्ही कुठल्या गटात? अख्खी जिम वळली. मी म्हणालो, मी कॉफी बघतोय.

मोजणी झाली. एकशे चौतीसचे पंधरा टक्के म्हणजे वीस पूर्णांक एक. वर धरायचे, एकवीस. मार्लिसकडे वीस.

गट बाद. डेलमर आणि डॉक्टर दोघं तिच्या माणसांवर तुटून पडले. एकेकाला दंडाला धरून आपल्या कोपऱ्यात नेत होते. कपाळाला आठ्या घालून तिच्या मैत्रिणी गेल्या. शेवटी त्या कोपऱ्यात मार्लिस एकटी होती, हातात यादी. ती कुठेच गेली नाही. मी कप भरत राहिलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी तिने यादी टेबलावर ठेवली. चिडली नाही. पेन्सिलीने समजावलं, मी मुलांना समजवायचो तसं. एकशे तेहतीस हजर असते तर पंधरा टक्के म्हणजे वीसला जरा कमी. वर धरून वीस. तिच्याकडे वीस होतेच. महिनाभर दारोदार फिरून तिने बरोब्बर तेवढे जमवले होते.

मी म्हटलं, मग माझं नाव? मी तर तुझ्याकडेच येणार होतो. तिने बोट ठेवलं. माझ्या नावापुढे सप्टेंबरातच लिहिलं होतं: घरी राहील.

मी म्हटलं, मार्लिस, मला फार भीती वाटली गं. म्हणाली, माहितीये. त्याच हिशेबावर तर होते मी.

एकतीस वर्षांत माझ्याबद्दलचा तिचा अंदाज मी एकदाच चुकवला.