पाहुण्याचं पाणी

बाबा, आज सकाळी कामावर गेले तर सांड्याच्या काचपेटीत काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी. आमच्या प्राणिसंग्रहालयात एक निवृत्त शिक्षिका हौसेने मदतीला येतात, त्यांनी ठेवली होती. बाहेर ॲरिझोनाचं जूनमधलं ऊन, आत दिव्याखाली तापलेल्या दगडावर पसरलेला तो काटेरी शेपटीचा सरडा. बाईंना दया आली. मी वाटी उचलली, बाईंना जरा तोडूनच बोलले, आणि मग वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. म्हटलं, ह्यांना मी काय सांगणार, माझ्या बापाने हेच केलं होतं आणि वर हट्टही धरला होता. तेव्हापासून दिवसभर तुम्ही डोक्यातून जात नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहून काय उपयोग, असं आई म्हणाली असती. उपयोगाचं नंतर बघू.

आपण नागपूर सोडून ॲरिझोनातल्या चँडलरला आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि घराच्या मागे कापसाची शेतं होती. तुम्ही मागच्या दारात उभे राहून म्हणायचात, "तिथंही कापूस, तिथंही ऊन. मग विमानाचं भाडं कशाचं दिलं?" तुमचं काम चिप बनवायच्या कारखान्यात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून तुम्ही धुळीवर आणि हवेतल्या ओलाव्यावर पहारा करायचात. तिथल्या एका सहकाऱ्याची बदली दुसऱ्या राज्यात झाली आणि त्याने आपला पाळीव प्राणी तुमच्या गळ्यात घातला. काचेची पेटी, विजेवर गरम होणारा एक खोटा दगड आणि अर्धा डबा अळ्या. मी बारा वर्षांची होते. पेटीत एक जाडजूड, सुरकुतलेला, चपटा प्राणी होता, कासवासारखं डोकं, आणि शेपटीवर काट्यांची एकामागे एक कडी. मी घाबरून मागे सरले आणि तुम्ही मात्र खाली बसलात, काचेला नाक लावून. "अगं, हे तर सांडा होय!" तुमचा आवाज असा होता की जणू गावाकडचं कुणी भेटलंय.

मग तुम्ही सांगितलंत, कॉलेजात असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर तेल विकणारा बसायचा. पुढ्यात तव्यावर चरबी, आणि बाजूला ओळीने मांडलेले जिवंत सांडे, पळू नयेत म्हणून पाठ मोडलेले. लोक तेल विकत घ्यायचे, त्या प्राण्यांकडे कुणी बघायचं नाही. हा आफ्रिकेतून आलेला, त्यांचा लांबचा भाऊबंद, पण तुमच्या लेखी भेद नव्हता. "मी रोज तिथून जायचो अन् खाली मान घालून जायचो," तुम्ही म्हणालात. "हा आपला पाहुणा आहे. धडधाकट ठेवायचा." तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा पडलं.

आणि पाहुणा म्हटल्यावर आपल्या घरात पहिलं काय, तर पाणी. ह्या बाबतीत तुमचा कायदा कडक होता. पत्र टाकणारा येवो, गवत कापणारा येवो, टाय लावून सायकलवरून धर्म सांगायला येणारी पोरं येवोत, नाव विचारायच्या आधी स्टीलचा ग्लास पुढे. आणि प्यायचं ते सगळ्यांसमोर, बसून, ग्लासाला तोंड लावून. मी एकदा ऐटीत मैत्रिणीसमोर वरून धार धरून प्यायले तर तुम्ही ग्लास हातातून काढून घेतलात. मला राग आला. तेव्हा, एकदाच, तुम्ही सांगितलंत की लहानपणी आजोबांबरोबर मजुरीला गेल्यावर ओंजळ धरून खाली बसावं लागायचं, आणि वरून, हात लागणार नाही इतक्या उंचावरून, कुणीतरी पाणी ओतायचं. पोटात जायचं त्याहून जास्त पाणी कोपरांवरून गळायचं. महाडच्या तळ्याची गोष्ट मला तुमच्याकडून किती वेळा ऐकायला मिळाली, पण ही कोपरांची गोष्ट पुन्हा कधी काढली नाहीत. त्यानंतर मी ग्लासाला तोंड लावूनच पाणी प्यायला लागले.

तर पाहुण्याला तुम्ही वाटी दिलीत. आईची चांगली खोलगट वाटी, रोज दोनदा ताजी भरून. उन्हाळा वाढला तसं त्याच्या अंगावर पाणी शिंपडायला लागलात. आणि खरा नागपूरकर जे करेल तेच केलंत, पेटी उचलून कूलरच्या झोतासमोर ठेवलीत. आपल्या त्या घराच्या छतावर गवताच्या पडद्यांतून ओली हवा फेकणारा मोठा कूलर होता आणि तुमचा त्याच्यावर जीव होता. "ह्या उन्हात मला कूलर पाहिजे, मग त्याले नको?" सगळं प्रेमाने चाललं होतं. पाहुणा वाटी उलटवायचा, वाळू ओली व्हायची, तुम्ही वाळू बदलून वाटी पुन्हा भरायचात. अळ्यांकडे तो बघायचाही नाही. सकाळी काळपट दिसायचा तो दुपारीही काळपटच. मग डोळे चिकटायला लागले, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला, आणि एक दिवस नाकपुडीपाशी बुडबुडा दिसला. हात लावला तर त्याचं अंग गार होतं.

मी शाळेच्या ग्रंथालयात शोधलं, तिथे काही नव्हतं. तेव्हा इंटरनेट कुठलं. शेवटी टेलिफोनच्या पुस्तकातून प्राणिसंग्रहालयाचा नंबर काढला आणि घसा खाकरून मोठ्या माणसाच्या आवाजात बोलले. पलीकडच्या बाईने सगळं ऐकलं. म्हणाली, अळ्या बंद, तो पानं खाणारा आहे. कूलर बंद, त्याला आपला हात भाजेल इतका तापलेला दगड पाहिजे आणि खरं ऊन पाहिजे. एका पशुवैद्याचं नाव दिलं. आणि वाटी आजच्या आज बाहेर काढ, म्हणाली, त्याच्या छातीत ओल गेली आहे, वाळवंटातला प्राणी पाण्यानेच मरेल.

तुम्ही पशुवैद्याकडे नेलंत, इंजेक्शन दिलंत, अळ्या फेकल्यात, कूलरपासून पेटी हलवलीत. वाटीवर मात्र अडलात.

"बाबा, शी सेड नो वॉटर. ॲट ऑल."

"मराठीत बोल."

"पाणी काढायचं. तो मरून राहिला आहे, बाबा!"

"माझ्या घरात कोणाचं पाणी काढायचं नाही." तुम्ही आवाज चढवला नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. "माणूस असो का जनावर. प्यायचं नसंल तर नको पिऊ. पण समोर पाहिजे."

"इट्स नॉट अबाउट यू!" मी ओरडले. आई कणीक मळत होती, ती तशीच बाहेर आली. मला वाटलं आता मला बसेल. पण ती तुमच्याकडे बघून म्हणाली, "कारखान्यात तुमच्या त्या चिपले जराशी दमट हवा चालत नाही. मग ह्याले काऊन चालंल?" वाटी जागेवरच राहिली, आणि मी दार आपटून खोलीत गेले. तो जगणार नाही अशी माझी खात्री झाली होती.

पुढचं मी खोलीच्या दारातून पाहिलं. पेटीसमोर तुम्ही बराच वेळ मांडी घालून बसून होतात. पाहुण्याने मान वर केली आणि शिंकला. बारीक, कोरडी शिंक. काचेवर पांढरे ठिपके उडाले. गेले काही दिवस त्याच्या नाकाभोवती पांढरं काहीतरी साचत होतं, ते आपण रोगाचंच समजत होतो. तुम्ही बोटाने काचेवरचं ते पांढरं खरवडलंत, चिमटीत चोळलंत, आणि बाबा, तुम्ही ते जिभेला लावलंत! आज मी नव्या लोकांना हात धुण्यावर तासभर व्याख्यान देते, आणि ज्याने मला हे सगळं शिकवलं तो सांड्याची शिंक चाखत होता. आई किंचाळली. तुम्ही तिच्याकडे वळलात तेव्हा तुमचा तसा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"मीठ आहे," तुम्ही म्हणालात. "अगं, हा मीठ फेकून राहिला नाकातून."

मग इंजिनियर जागा झाला. तुम्ही मोठ्याने विचार करायला लागलात. पानातलं पाणी पोटात ठेवायचं आणि पानातलं मीठ बाहेर टाकायचं असेल, तर आपल्यासारखं लघवीवाटे टाकून कसं भागेल, त्यात पाणी जाईल. म्हणून नाकातून, कोरडं. म्हणजे प्यायला लागतच नाही. मेथीच्या काडीवर, एखाद्या फुलावर ह्याचं निभतं. तुम्ही बोलता बोलता थांबलात. "ह्याच्या शंभर पिढ्यांनी कोणाच्या दारी पाणी मागितलं नसंल," तुम्ही अगदी हळू म्हणालात, आणि पाहुण्यापुढे हात जोडलेत. चेष्टेने नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढे जोडायचात तसेच. मग वाटी स्वतःच्या हाताने उचललीत, मागच्या दाराबाहेर पायरीवर ठेवलीत आणि तिथे भरलीत. वाटी घरातून गेली नाही, फक्त दाराबाहेर गेली. तिथे मग तुरेवाले लावे पक्षी पिल्लांची रांग घेऊन यायला लागले.

पाहुणा वाचेल की नाही हे त्यानंतरही बरेच दिवस कळत नव्हतं. तुम्ही अंगणात जाळीचा चौकोन केलात, अर्ध्यावर सावलीची फळी. एक सकाळ मला अजून लख्ख दिसते. तुम्ही कामावर जायला निघालेले, हातात डबा. पाहुणा दगडावर पडलेला, काळा, अंग पसरून चपटं केलेलं, म्हणजे जास्तीत जास्त ऊन अंगावर घेता येईल. आणि बघता बघता त्याची पाठ उजळायला लागते. आधी राखाडी, मग मातकट, मग खांद्यापासून पिवळा रंग चढत येतो, थेट हळदीचा, आणि त्यावर नक्षीसारखे गडद ठिपके. तो डोळे उघडतो. दोन्ही डोळे, स्वच्छ. डोकं उचलतो, चार पावलं चालतो आणि आईने टाकलेलं जास्वंदाचं फूल कचकन खातो. तुम्ही आईला हाक मारता, "लवकर ये, लवकर ये!" आई हाताला पीठ तसंच घेऊन येते. आपण तिघं उभे आहोत. ऊन डोक्यावर येतंय, तुमच्या पाळीची वेळ टळून जाते आहे, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी उशीर केला नाही तो जाळीला धरून उभा आहे. मला त्या क्षणी रडूच आलं. मला वाटलं, एवढं मोठं काहीतरी आपल्या अंगणात घडतंय आणि शेजाऱ्यांना पत्ताच नाही.

त्यानंतर तो किती वर्षं राहिला! मेथी, कोथिंबीर, अंगणातल्या झाडांची पिवळी फुलं, आणि हिवाळ्यात आईची मसूर डाळ, न शिजवता, कोरडी. ती तो कुडूमकुडूम चावायचा आणि आई म्हणायची, ह्या घरात माझ्या हातचं नावं न ठेवता खाणारा हा एकच. तुम्ही विटा रचून त्याला फट करून दिलीत. कुणी अनोळखी आलं की तो त्या फटीत शिरायचा, अंगात हवा भरून फुगायचा आणि काटेरी शेपटी दारात आडवी टाकायचा. ओढून काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. "पाहुणा कसला, हा तर घरमालक," आई म्हणायची. मी डॉक्टर होणार नाही, ह्या प्राण्यांचं काम करणार असं सांगितलं तेव्हा काकू लोकांनी तुमचं सांत्वन केलं. तुम्ही त्यांना अंगणात नेऊन पाहुणा दाखवलात. त्यांना काय कळलं कोण जाणे.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. गिळता येत नव्हतं. पाणी अन्ननलिकेत न जाता छातीत उतरेल, म्हणून डॉक्टरांनी तोंडाने एक थेंबही द्यायचा नाही असं सांगितलं आणि पलंगावर तशी पाटी लावली. मी ती पाटी वाचली आणि मला ती टेलिफोनवरची बाई आठवली. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, बस. त्या दुपारी तुम्ही ओठांवरून जीभ फिरवलीत. टेबलावर माझा भरलेला ग्लास होता, तुमची नजर त्यावर गेली, माझी तुमच्यावर. ज्या घरात अनोळखी पोरांनाही न मागता पाणी मिळालं त्या घरच्या मालकाला मी नाही म्हणायचं होतं. तुम्ही माझी अवस्था ओळखलीत. अर्धं तोंड वाकडं झालेलं, तरी हसलात. "राहू दे," तुम्ही म्हणालात, एकेक अक्षर ओढत. "मी आता सांडा." मी हसले, हसता हसता तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही मला मोकळं केलंत, बाबा. मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून ठेवीन. बाईंची उद्या माफी मागायची आहे, आणि त्यांची वाटी आमच्या दाराबाहेर ठेवली आहे हे दाखवायचं आहे. फक्त एक राहिलं. त्या दुपारी तुमचा डोळा लागला तेव्हा मला फार तहान लागली होती. तो ग्लास मी तुमच्याकडे पाठ करून, उभ्यानेच, आवाज होऊ न देता प्यायले.